परत म्हणून दाखवले: होय

९ जानेवारी

प्रिय धाकट्या,

तुमच्या खात्याचा गठ्ठा काल पोचला. शिपायाने तो टेबलावर आदळला तेव्हा मला वाटलं कुणीतरी वीट पाठवली. नवे नियम बत्तीस पानांचे, आणि फॉर्म किती रंगांचे आहेत ते मोजायचं मी सोडून दिलं. बारा खाटांचं आमचं हॉस्पिटल. डॉक्टर, मी, हाताखाली दोन सिस्टर आणि एक मावशी. एवढ्या जणांनी पेशंट बघायचे की तुमचे कागदी घोडे नाचवायचे, ते साहेबांनी एकदा कळवावं.

त्यातला पिवळा फॉर्म तर कहर आहे. डॉक्टरांनी तोंडी काही सांगितलं, समोर असो की फोनवर, तर ते लिहून घ्यायचं, मग त्यांनाच परत म्हणून दाखवायचं, मग 'परत म्हणून दाखवले' याच्यापुढे 'होय'वर खूण करायची, आणि चोवीस तासांत त्यांनी खाली सही करायची. छत्तीस वर्षं मी यांच्या हाताखाली आहे. ते नुसते खोकले तरी कोणती बाटली हवी ते मला कळतं. या वयात आता पोपटपंची करू का? तुला म्हणून सांगते, सोमवारी सकाळी मी अख्ख्या पॅडवर 'होय'च्या खुणा करून ठेवल्या. आठवडाभराची कटकट मिटली. दर महिन्याच्या तक्त्यात 'अनुचित घटना' असा रकाना असतो, तिथेही मी पहिल्या तारखेलाच 'निरंक' लिहून मोकळी होते.

आणि फोन करू नकोस रे. हल्लीची यंत्रं कुजबुजतात. दोन बदलले, तीच गत. तू आपलं पत्रच लिही. पत्र दोनदा वाचता येतं.

तुझी ताई


१८ जानेवारी

ती. ताई,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि लगेच ड्रॉवरमध्ये लपवलं. अगं, तू जे लिहिलंयस त्यावर मी दुसऱ्या कुणाला नोटीस काढली असती! त्या पिवळ्या फॉर्मचा मसुदा माझ्या हातचा आहे. तुझ्यासारख्या जाणत्या बायकांसाठीच तो केलाय. नवखी मुलगी घाबरून चार वेळा विचारते. चुकतो तो विचारायची गरज न वाटणारा माणूस.

खुणा आधी करू नकोस. शपथ घालतो. आणि बारा महिने सलग 'निरंक' लिहिणाऱ्या हॉस्पिटलांची आम्ही वेगळी यादी करतो, हेही तुझ्या कानावर घालून ठेवतो. जिथे कधीच काही घडत नाही तिथे काहीतरी झाकलेलं असतं, असं आमच्या समोरच्या टेबलावरच्या बाई म्हणतात. बाई फार कडक आहेत. तुझ्याशी पटेल त्यांचं.

१९ फेब्रुवारीला सगळ्या छोट्या हॉस्पिटलांच्या डॉक्टरांना सक्तीचं प्रशिक्षण आहे. शिकवणार मी. तुझ्या डॉक्टरांना पाठव. न येणाऱ्याचा परवाना अडकेल.

ऑफिसात मी एकटाच असा आहे ज्याला अजून हातानं लिहिलेली पत्रं येतात. सगळे हेवा करतात.

धाकटा


२० फेब्रुवारी

ती. ताई,

कालचं प्रशिक्षण झालं एकदाचं. साठ-सत्तर डॉक्टर, अर्धे पेंगलेले, उरलेले माझ्यावर खवळलेले. तुझे डॉक्टर पहिल्या रांगेत वही उघडून बसले होते, शाळेतल्या हुशार मुलासारखे. मला बरं वाटलं.

पण ऐन रंगात त्यांचाच फोन वाजला! आणि मी तेव्हा नेमका 'तोंडी आदेश' शिकवत होतो. मी माइकवरूनच म्हणालो, "फोन बंद केल्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नाही, मग वय कितीही असो." सगळा हॉल हसला. बिचारे कानापर्यंत लाल झाले. माझ्या शेजारच्या दारात जाऊन, तोंडावर हात धरून हळूच म्हणाले, "सात, सातच," आणि फोन बंद करून जागेवर आले. घरी जेवायला किती वाजता येणार ते सांगत असतील. जरा जास्तच बोललो का मी? तू माझ्या वतीने त्यांची माफी माग. पण हसून माग, म्हणजे त्यांना लागणार नाही.

बाकी क्षेम. तुझ्या 'होय'च्या खुणा बंद झाल्या ना?

धाकटा


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

आमच्याकडे परवा वाईट झालं. कोपऱ्यावरचे शिंपीकाका गेले. दोन दिवस उलट्या होत होत्या म्हणून आणलं होतं. हृदय त्यांचं आधीच दमलेलं, हे सगळ्या गल्लीला माहीत. सकाळी डॉक्टर तुमच्या प्रशिक्षणाला निघाले तेव्हा काका उशीला टेकून त्यांच्या कोटाच्या शिलाईची चेष्टा करत होते.

अकराच्या सुमारास पुन्हा उलटी झाली, घोटभर पाणीही ठरेना. मी डॉक्टरांना फोन लावला. विचारलं, सलाईन लावते, थेंब किती ठेवू? म्हणाले साठ. मी क्षणभर थबकले. मिनिटाला साठ थेंब म्हणजे असल्या हृदयाला फार पाणी. पण म्हटलं, माणूस उलट्यांनी सुकलाय, ते काही विचार करूनच सांगत असतील. मी हो म्हणून ठेवून दिला. पॅडवरचा फॉर्म घेतला, साठ लिहिलं. खूण होतीच.

दोनच्या आसपास धाप लागली. मी सलाईन बंद केलं, बसतं केलं, ऑक्सिजन लावला, होतं ते इंजेक्शन दिलं, गाडी बोलावली. डॉक्टरांना तीनदा फोन लावला, बंद. काका माझा हात धरून "पाणी, पाणी" म्हणत होते. मला वाटलं प्यायला मागताहेत. छातीत पाणी भरलंय असं सांगत होते ते. पावणेतीनला गेले. गाडी नंतर आली.

काल डॉक्टरांपुढे फॉर्म ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. परत वाचला. मग माझ्याकडे बघत राहिले, बराच वेळ. सही केली आणि म्हणाले, "या महिन्याचं निरंक खोडा, सिस्टर. घटना एक. मी स्वतः कळवतो."

बहात्तर वर्षांचे झाले रे ते. चूक झाली त्यांच्या हातून. मला त्यांचा राग येतो, आणि राग येतो म्हणून लाज वाटते.

ताई


२८ फेब्रुवारी

ती. ताई,

तुझं पत्र मिळालं. तू जे करायचं ते सगळं केलंस, हे मनाशी पक्कं धर.

तुझ्या डॉक्टरांनी पाठवलेली माहिती इथे पोचली. मी लगेच लिहून दिलं की तिथे माझी बहीण नोकरीला आहे, तेव्हा फाइल समोरच्या बाईंकडे गेली. उद्या कुणी विचारायला आलं तर कागदावर आहे तेवढंच बोल. आदेश साठ थेंब. परत म्हणून दाखवले, होय. खाली डॉक्टरांची सही. म्हणजे त्यांनी साठ सांगितलं, तुझ्या तोंडून साठ ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी साठ वाचून मान्य केलं. तू यात कुठेही नाहीस. ज्या खुणेवरून मी तुला रागावलो तीच तुला वाचवतेय, घे.

माझं वीस तारखेचं पत्र मधल्या मध्ये येऊन पडलं असेल. त्यात मी नेहमीसारखा पाचकळपणा केलाय. ते फाडून टाक. ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

धाकटा


९ मार्च

धाकट्या,

दोन्ही पत्रं मिळाली. एकच विचारते. ते दारात उभे राहून काय म्हणाले? नीट आठवून लिही.

ताई


२० मार्च

ती. ताई,

खरं सांगायचं तर आठवत नाही. हॉलमध्ये गोंगाट होता, लोक हसत होते, माझं अर्धं लक्ष माइककडे होतं. काहीतरी पुटपुटले एवढंच. पत्रात मी गंमत म्हणून भर घातली असेल. तुला माझी सवय माहीत आहे.

तू नीट जेवतेस ना? रजा घेऊन चार दिवस इकडे ये. फोन केला होता. तू "कोण, कोण" म्हणत राहिलीस आणि ठेवून दिलास. तुमच्याकडची लाइनच खराब आहे.

धाकटा


२ मे

ती. ताई,

हे तुला बाहेरून कळण्याआधी मीच लिहितो. तुमच्या हॉस्पिटलचा परवाना रद्द झाला, आणि डॉक्टरांची नोंदणी एक वर्षासाठी थांबवली. नियम नवे आहेत, पहिलंच मोठं प्रकरण आहे, त्यामुळे वरच्यांना उदाहरण घालून द्यायचं होतं. तुझ्याबद्दल निकालात एक ओळ आहे, 'परिचारिकेने विहित पद्धतीचे पालन केले आहे.' ती ओळ वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. किती दिवसांनी टेकलो असेन!

बचावाची संधी त्यांना दिली होती. छापील फॉर्म जातो, त्यात 'आपले म्हणणे' असा मोठा चौकोन असतो, लोक त्याला पुरवण्या जोडतात. तुझ्या डॉक्टरांनी त्या चौकोनात एकच शब्द लिहिला, 'निरंक'. बाई म्हणाल्या, केवढी ही मग्रुरी. मला त्यात बोलायचा अधिकार नव्हता.

आता तुझं काय? पेन्शनीला तीन वर्षं आहेत. इथल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये शब्द टाकू का?

धाकटा


१२ मे

धाकट्या,

हे पत्र एकट्याने बसून वाच.

तुझं वीस फेब्रुवारीचं पत्र मी फाडलं नाही. ते आलं त्या दिवशी मी ते स्टोअरमध्ये उभ्यानं वाचलं. 'सात, सातच.' दुपारी मावशीला म्हटलं, माझ्या पाठीमागे उभी राहा आणि मनाला येतील ते आकडे म्हण, मधूनमधून सात म्हण, मधूनमधून साठ. तिला वाटलं मला काम नाही. दहापैकी सहा मी चुकले. ती समोर आली की सगळं बरोबर. पाठ फिरवली की नुसता पोकळ आवाज, शेंडा ना बुडखा.

यंत्रं कुजबुजत नाहीत रे. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली असतील. मला ठाऊक होतं आणि नव्हतंही. सिस्टरांचं बोलणं मी ओठांवरून उचलत होते. आणि डॉक्टरांना ठाऊक होतं. हे मला आता कळतंय. गेली दोन वर्षं ते मला हाक मारत नसत, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत येत, समोर उभे राहत आणि मग बोलत. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस जास्त सभ्य झालाय! ज्या एका दिवशी त्यांना चालत येता आलं नाही, त्या दिवशी ते तुझ्या वर्गात होते.

त्यांनी फॉर्मवर साठ वाचलं आणि माझ्याकडे बघितलं, ते याचसाठी. नाही म्हणाले असते तर माझी छत्तीस वर्षं त्या टेबलावर संपली असती. त्यांनी सही केली. चौकोनात 'निरंक' लिहिलं ते मग्रुरीने लिहिलेलं नाही, हे तुला कळलंय. बाईंना नसेल, तुला कळलंय.

मग तीन महिने मी काय केलं? गप्प बसले. निकालाची वाट बघितली. आशा होती की दोघंही सुटू. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते मी घरात बसून, जेवूनखाऊन बघितलं. काल शिंपीकाकांची मुलगी रस्त्यात भेटली. माझे हात हातात घेऊन म्हणाली, "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून शेवटी त्यांच्याजवळ कुणीतरी होतं. त्या म्हाताऱ्याने माझ्या बापाला बुडवून मारलं." दवाखान्याच्या पाटीवर ती थुंकली, माझ्यासमोर. मी तिला थांबवलं नाही. रात्रभर झोप म्हणून लागली नाही.

सोबत दोन कागद आहेत. एक माझा जबाब, बाईंच्या नावे, सगळं लिहिलंय, पॅडवरच्या खुणांसकट. दुसरा कागद म्हणजे तुझं वीस तारखेचं पत्र. जबाब मी थेट पाठवू शकले असते. पण माझ्या एकटीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल? डॉक्टर साठच म्हणणार. बहिऱ्या बाईने म्हाताऱ्याला वाचवायला रचलेली गोष्ट, असं होईल. सात हा शब्द ऐकलेला माणूस जगात एकच आहे, आणि तो तू आहेस. तुला आठवत नाही हे तू मला लिहिलंस, पण तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. खोटं बोलताना तू "खरं सांगायचं तर" म्हणतोस.

दुसरी प्रत मी ठेवलेली नाही. चूल तुझ्या घरातही आहे. तुला काय करायचं ते तू ठरव. मी विचारणार नाही.

ताई


३ जून

ती. ताई,

अठरा दिवस दोन्ही कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. रोज सकाळी ड्रॉवर उघडायचो आणि बंद करायचो. बाईंनी एकदा विचारलं, कुलूप बिघडलंय का?

परवा दिले.

मी सांगितलं की डॉक्टर सात म्हणाले, दोनदा म्हणाले, आणि हळू म्हणाले कारण मी त्यांना भरसभेत हिणवलं होतं. नंतर त्यांचा फोन बंद होता तोही माझ्या हुकमाने. दोन वाजता तू तीनदा फोन लावत होतीस तेव्हा मी त्यांना फळ्यावर दाखवत होतो की आदेश परत म्हणून का दाखवावा. बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग, मीच केलेल्या नियमाप्रमाणे, मला वाचून दाखवलं. "सात. बरोबर?" मी होय म्हटलं. मग त्यांनी खूण केली.

काल डॉक्टरांना बोलावलं होतं. माझा जबाब त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि शांतपणे म्हणाले, "मी साठ म्हणालो. या मुलाला नीट ऐकू आलं नसेल." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि त्यांचा गळाही धरावासा वाटला.

त्यांचं ऐकलं नाही कुणी. त्यांची नोंदणी परत मिळेल. तुझी थांबवलीय, चौकशी होईपर्यंत, आणि ती होऊन काय होणार ते तुला मला माहीत आहे. तीन महिने तोंड मिटून बसलो म्हणून मलाही नोटीस आहे. बरोबर आहे ती.

ताई, आई शेवटी शेवटी आपण काहीही बोललं तरी नुसती हसायची, आठवतं? आपल्याला वाटायचं सुखी आहे. तू दोन वर्षं लिहीत होतीस, फोन नको, पत्र लिही. आणि मी ऑफिसात मिरवत होतो की माझ्या बहिणीला माझ्या अक्षराचं कौतुक आहे. लोकांनी काय लिहिलं नाही ते शोधायचा मला पगार मिळतो. तुझं मला वाचता आलं नाही.

धाकटा


१५ जून

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुमच्या खात्याचंही आलं. त्यात मी 'महोदया' आहे. 'आपले म्हणणे' हा चौकोनही आहे. तो मी पूर्ण भरला, मागच्या बाजूला लिहावं लागलं.

शिंपीकाकांच्या मुलीकडे जाऊन आले. उंबऱ्यातच सांगितलं. ती काही बोलली असेल तर मला कळलं नाही, कारण तिने तोंड फिरवलं होतं. मग दार लागलं. ते मात्र मी बघितलं.

तिथून डॉक्टरांकडे गेले. नोंदणी मिळाली तरी ते पुन्हा हॉस्पिटल उघडणार नाहीत. पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवलीय. बारा खाटा एका खोलीत रचल्यात, आणि ते त्यांच्या टेबलापाशी काही न करता बसले होते. मला बघून उठले, सवयीने खोलीभर चालत आले, आणि समोर उभे राहिले. मी विचारलं, त्या दिवशी काय म्हणाला होतात? खरं सांगा. त्यांचे ओठ हलले. तुला माहीत आहे का, ओठांवरून सात आणि साठ अगदी सारखेच दिसतात. मी बघत होते आणि मला कळेना, म्हातारा अजूनही खोटं बोलतोय की काय.

मग चार महिन्यांपूर्वी करायचं ते केलं. मोठ्याने म्हटलं, "सात थेंब, डॉक्टर. सात."

त्यांनी डोळे मिटले. "हं," म्हणाले.

एवढं मला ऐकू आलं.

तुझी ताई